कमरेच्या पट्टीत चौतीस

३ मार्च

लंबू,

पाकीट बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू "बरं आहे, बरं आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर खोटं लिहायला जरा तरी वेळ लागतो, म्हणून मला पत्रच बरं वाटतं.

मार्च लागला, म्हणजे तुझ्या पँटींचे दिवस आले. मागच्या वर्षीच्या दोन्ही पाठवून दे. कापड कुठे विरलंय, शिवण कुठे गेली ते बघते आणि मग नव्या बेतते. माप लिहून पाठव. कंपनीच्या तयार पँटी तुझ्या घोट्याच्या वर राहतात, हे तुझं विसाव्या वर्षापासूनचं रडगाणं मला तोंडपाठ आहे, ते पुन्हा लिहू नकोस.

इथे शाळेच्या गणवेशांनी जीव काढलाय. एकशे ऐंशी स्कर्ट आणि प्रत्येकाला सोळा चुण्या. मदतीची बाई लग्न करून गेली. दुसरं मशीन झाकून ठेवलंय. दुपारनंतर पाठ अशी धरते की खुर्चीतून उठताना टेबलाची मनधरणी करावी लागते. पंचावन्न म्हणजे काही फार नाही, पण शरीराला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तू कसा आहेस ते खरं लिही. पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण करशील. बाबा या वयात असताना कसे दिसायचे ते मला परवा अचानक आठवलं. असो.

ताई

१७ मार्च

प्रिय ताई,

पँटी पाठवतोय. एकीची मांडीतली शिवण उसवलीय. दुसरीचा हूक तुटला, तिथे मी तार वळवून लावलीय, हसू नकोस. माप तेच, चौतीस. तुझ्या हातचं लेबल आतल्या पट्टीत अजून शाबूत आहे. तुझ्या शिवणीचं एक मानलं पाहिजे, इतकी वर्षं झाली पण कंबर कधी काचली नाही. इथले लोक चाळिशीनंतर दरवर्षी नवे पट्टे घेतात. मी त्यांना लेबल उलटून दाखवतो.

माझं काय लिहू? सहाला क्रेनवर चढतो, दोनला उतरतो. पुढच्या आठवड्यात दोनला चढतो, दहाला उतरतो. त्याच्या पुढच्या आठवड्याचं विचारू नकोस, तेव्हा मी काय करतो ते मलाच आठवत नाही. बंदरात मालाचे मोठे लोखंडी डबे उचलायचे, जहाजावर ठेवायचे. हातांना दोन दांडे, पायाखाली काच, आणि काचेखाली तुझ्या टाचण्यांएवढी माणसं. पूर्वी एकशे बारा पायऱ्या चढून जावं लागे. सहा वर्षांपूर्वी लिफ्ट बसवली आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता एकदा वर गेलं की खाली यायचं नाव नाही. गोड थंड पेयाची दोन लिटरची बाटली आणि बिस्किटांचे पुडे बरोबर नेतो. त्यानेच डोळे उघडे राहतात.

दमतो मात्र फार. गंमत म्हणजे दमण्यासारखं मी काही करतच नाही. दिवसभर बसून असतो आणि घरी येतो तो पोती वाहून आल्यासारखा.

कंपनीची वार्षिक तपासणी झाली. सगळं ठीक. नर्सने "कंबर?" विचारलं, मी चौतीस म्हटलं, तिने लिहून घेतलं. मागे पन्नास जण रांगेत उभे, टेप कोण काढत बसतं.

लंबू

२९ मार्च

लंबू,

पँटी शिवून पाठवल्या आहेत. दोन. चौतीस. जुन्यांपैकी एकीची शिवण घातली, दुसरीचा हूक बदलला.

एक विचारते, सरळ उत्तर दे. पाळी संपल्यावर तू कुठे असतोस? दोनला सुटतोस तर घरी किती वाजता पोचतोस? बंदरातल्या माणसांची संगत कशी असते ते मला सांगायला नको.

आई गेली तेव्हा तिने माझा हात धरून एकच सांगितलं होतं, त्याच्यावर लक्ष ठेव. बाबांच्या वेळी आपण फार उशिरा जागे झालो. एक्कावन्न हे काही जायचं वय नव्हतं. लिव्हर गेलं, पोटात पाणी झालं, आणि मग गल्लीने जे बोलायचं ते मनसोक्त बोलून घेतलं. बाबा शेवटपर्यंत "मी पीत नाही" म्हणत राहिले. तेवढं तरी त्यांनी कबूल करायला हवं होतं, असं आई म्हणायची. मला ते दिवस पुन्हा बघायची ताकद नाही, बाळा. खरंच नाही.

बाकी ठीक. स्कर्ट अजून सत्तर राहिलेत.

ताई

१२ एप्रिल

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. ह्यांना दाखवलं नाही. तुम्ही लिहिलंत की जुन्या पँटच्या खिशात कंपनीच्या दवाखान्याची चिठ्ठी सापडली, त्यावर "लिव्हर, सोनोग्राफी" आणि खाली "मद्यपान?" असं लिहिलंय. ती चिठ्ठी मला माहीत नव्हती. मलाही हे म्हणाले की सगळं ठीक आहे.

तुम्ही सांगितलं तसं मी केलं. तीन दिवस हे घरी आले की मी दार उघडायला स्वतः गेले आणि जवळ उभी राहिले. ताई, वास नाही. बिस्किटांचा येतो. कपाटामागे, बुटांच्या खोक्यात, गच्चीवरच्या टाकीपाशी, सगळीकडे बघितलं. काही नाही. बघताना मला माझीच लाज वाटली, हेही लिहिते.

पण माणूस बरा नाही, हे खरं. जेवताना झोप लागते. घोरणं एवढं वाढलंय की शेजारी भिंत ठोकतात. मधेच श्वास थांबतो, मी हलवते, मग पुन्हा सुरू. मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा आलाय, मखमलीसारखा. मी दर रविवारी दगडाने घासते, जात नाही. कंपनीच्या धुळीचा असेल. मी बेकरीत उभी असते ना, उरलेले गोड पाव घरी आणते. हे चहाबरोबर चार खातात. आल्यावर दुसरं काय सुख आहे त्यांना, म्हणून मी ताट पुढे करते.

तुम्हीच काही सुचवा. मी विचारायला गेले की म्हणतात, दमलोय.

तुमची भावजय

२० एप्रिल

ताई,

तुझं पत्र मला पिठाच्या डब्यामागे सापडलं. पाकिटावरचं अक्षर बघून क्षणभर वाटलं, आईचंच आहे.

माझ्या बायकोला माझ्या तोंडाचा वास घ्यायला सांगितलंस! ती तीन दिवस दारात येऊन उभी राहत होती, आणि मला वाटलं, आज बरी माझी वाट बघतेय. मूर्ख मी.

चिठ्ठी माझीच. रक्ताचे दोन आकडे वर गेले होते. कंपनीच्या डॉक्टरने विचारलं, किती पिता? म्हटलं, पीत नाही. तो हसला. म्हणाला, सगळे असंच सांगतात. त्याचं हसणं मला माहीत होतं, ताई. बाबांच्या डॉक्टरचं तेच होतं. चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि विसरलो. विसरलो म्हणजे विसरायचं ठरवलं.

तुला आठवतं का? आई पाण्याच्या टाकीत हात घालून बाटली शोधायची. तिकिटाच्या खिडकीवरची नोकरी करून बाबा दमून यायचे, खुर्चीत बसायचे आणि तिथेच डुलकी लागायची. आई म्हणायची, बघा, उतरत नाही अजून. शेवटच्या महिन्यात एकदा त्यांनी तुझ्याकडे बघून तोंड उघडलं. म्हणाले, "तू तरी वास घेऊन बघ, पोरी." तू मान फिरवलीस. मी दारात उभा होतो, सतरा वर्षांचा. मीही काही बोललो नाही. तुला वाटत असेल ते कुणी बघितलं नाही.

सोनोग्राफी मी करणार नाही. आपल्या घरात लिव्हर या शब्दाचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे, आणि बंदरातही तोच होतो. लिव्हरचा कागद घेऊन बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल, आणि पिणाऱ्याला क्रेनवर कोण बसू देतं?

पँटी बसल्या. आता पत्र लिहू नकोस.

८ जून

लंबू,

लिहू नकोस म्हणालास, म्हणून दीड महिना थांबले. आता थांबता येत नाही. हे पत्र फाडायचं तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंस ते खरं आहे. त्यांनी तोंड पुढे केलं आणि मी मान फिरवली. मला वाटायचं, हे फक्त मला आणि त्यांना माहीत आहे, आणि ते तर गेले.

मागच्या आठवड्यात एक डॉक्टरीणबाई पांढरा कोट घेऊन आल्या. बाह्या लांब होत होत्या. त्या सोनोग्राफी करतात असं बोलता बोलता निघालं. मी बाही दुमडून टाचण्या लावत होते. धीर करून विचारलं की न पिणाऱ्या माणसाचं लिव्हर बिघडतं का हो? नंतर माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मधे तोडता आलं नाही. बरंच झालं.

त्या म्हणाल्या, एक थेंब न घेता यकृतावर चरबी चढते, आणि अशी माणसं त्यांच्याकडे रोज येतात. वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही. फार तर थकवा, आणि थकवा कुणाला नसतो! मग त्या एकेक विचारत गेल्या. बसून काम करतात का? मी मान हलवली. गोड पेयं? हो. पाळ्या बदलतात, झोप मोडते? हो. घोरतात? मानेवर काळं? मी टाचण्या काढून म्हटलं, भावजय दगडाने घासते. त्या म्हणाल्या, तिला सांगा घासू नका, तो मळ नाही, साखरेचं गणित बिघडत चाललंय त्याची ती खूण असू शकते. आईवडिलांत कुणाला साखरेचा आजार? बाबांना होता, हे तर आपल्याला माहीतच होतं. यातलं काही असलं म्हणजे आजार झालाच असं नाही, त्या म्हणाल्या, पण इतकं सगळं एकाच माणसात असेल तर मी त्याला आजच तपासायला आत घेतलं असतं. वेळेवर कळलं तर खाणं आणि वजन आवरून ते मागे फिरवता येतं. कुणाकुणाचं न कळता पुढे जातं, यकृत घट्ट होत जातं, आणि मग हातात फारसं राहत नाही.

शेवटी विचारलं, "पोटाचा घेर किती त्यांचा? त्यावरून बरंच कळतं."

मी चौतीस म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते म्हणता येईना.

लंबू, तुझी कंबर चौतीस नाही. सहा वर्षं नाही. लिफ्ट बसली त्या वर्षी तू पाठवलेल्या जुन्या पँटचा हूक ओढून वाकडा झालेला दिसला. पट्टी ताणून भोकं पडली होती. तू चौतीस लिहिलं होतंस. मला वाटलं, कशाला बिचाऱ्याला लाजवा. मी छत्तीसची बेतली आणि आत चौतीसचं लेबल शिवलं. पुढच्या वर्षी अडतीस. मग चाळीस, मागच्या पट्टीत इलॅस्टिक घालून, वरून दिसणार नाही असं. तू लिहायचास, कधी काचली नाही, आणि मी खूश व्हायचे. या मार्चमध्ये ती चिठ्ठी हातात असताना, तू पितोस असा संशय मनात असताना, मी त्रेचाळीस कापली आणि सुई घेऊन पुन्हा चौतीस शिवलं. तुझ्या खिशात मी बाटली शोधली. जे माझ्या टेपवर सहा वर्षं दिसत होतं ते मला दिसलं नाही. तू नर्सला सांगितलेला आकडा माझा आहे. तू खोटं बोलला नाहीस, मी तुझ्याकडून वदवून घेतलं.

गिऱ्हाइकाला लाजवायचं नाही. खरं माप वहीत, बरं वाटणारं माप लेबलवर. हे मला आईने शिकवलं, मी सोळा वर्षांची असताना.

त्या बाई गेल्यावर मी माळ्यावरून जुन्या मापवह्या काढल्या. बाबांचं पान सापडलं. आईचं अक्षर. तेहतीस. पस्तीस. अडतीस. बेचाळीस. शेवटच्या वर्षी काही लिहिलेलं नाही. पेटीत त्यांची एक पँट अजून आहे. तिची पट्टी उलटून बघितली. लेबल तेहतीसचं. म्हणजे आई एका हाताने त्यांची पँट सैल करत होती आणि दुसऱ्या हाताने टाकीत बाटली शोधत होती. मी जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

परवा बाई कोट न्यायला आल्या तेव्हा बाबांचं विचारलं. म्हणाल्या, आता कुणीच सांगू शकणार नाही, तपासण्या कुठे होत्या तेव्हा. मग कोट अंगात घालता घालता विचारलं, "ते स्वतः काय म्हणायचे?" म्हटलं, पीत नाही म्हणायचे. "मग ते खरं असू शकतं की," त्या म्हणाल्या, आणि आरशात बाह्या बघू लागल्या.

इतकी साधी गोष्ट, लंबू. अठ्ठावीस वर्षांत मला सुचली नाही.

सोबत माझी टेप पाठवतेय. दुकानातली, पहिल्या इंचाची पत्र्याची पट्टी झिजलीय पण मोजते बरोबर. पँट तू पोटाखाली बांधतोस, म्हणून पँटचं माप धरू नकोस. बेंबीच्या रेषेत धर. श्वास आत ओढू नकोस. आणि दोन्ही पँटींची लेबलं उसवून टाक, चार चार टाकेच आहेत.

तू जावंस म्हणून मी विनवणी करू शकते, रडू शकते, पण ते मी नीट करत नाही, तुला माहीत आहे. बाबांच्या वेळी मी मान फिरवली. आता तुझ्याकडे बघतेय. तू पीत नाहीस. मी वास न घेता सांगते.

ताई

२६ जून

प्रिय ताई,

तुझी टेप बारा दिवस क्रेनच्या केबिनमध्ये आरशाला लटकत होती. मला राग तुझा जास्त होता की माझा, ते ठरत नव्हतं. सहा वर्षं लोकांना लेबल उलटून दाखवत होतो मी! तू चोरून सैल केलीस हे खरं, पण पाय दिसेनासे झाले तेव्हा मला काय वाटलं होतं, पायच आखडले? मलाही चौतीस हवं होतं. दोघांनी मिळून शिवलेलं ते लेबल आहे, सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस.

तेराव्या दिवशी जहाज उशिरा होतं. केबिनमध्ये उभा राहिलो आणि बेंबीवर टेप धरली. श्वास ओढला नाही. शेहेचाळीस. पुन्हा धरली. शेहेचाळीस. खाली बघितलं, माणसं तशीच आपापली कामं करत होती. पाळी संपल्यावर लिफ्टने न उतरता पायऱ्यांनी उतरलो. शंभराच्या पुढे गुडघे असे लटपटायला लागले की कठडा धरून बसलो. लिफ्टवाला विचारत होता, बंद पडली का?

लेबलं उसवली. बायकोने उसवली, मला सुई दिसत नव्हती. मान घासणं तिने बंद केलंय. गोड पाव बेकरीतच वाटून येते. बाटलीऐवजी पाणी नेतो. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखलं की क्रेनवर चढावंसं वाटेना, पण चढलो. फार काही बदललंय असं नाही. दमलेला आहेच. फक्त कशाने दमलोय ते आता थोडं कळतं.

आणि काल गेलो. कंपनीच्या दवाखान्यात नाही, बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात. बायको बरोबर होती. तिने रजा टाकली आणि वाटभर माझी बाही धरून ठेवली. आत पोटावर गार काहीतरी लावून फिरवलं. रिपोर्ट गुरुवारी. काय निघेल ते निघेल. घाबरलोय, हे लिहून ठेवतो, म्हणजे फोनवर सांगायला नको.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही.

आत जायच्या आधी एका टेबलावर तरुण डॉक्टर मुलगी माहिती लिहून घेत होती. उंची, वजन, घेर. घेर तिने स्वतः मोजला, शेहेचाळीसच भरला, तुझी टेप खरी आहे. मग म्हणाली, घरात कुणाला लिव्हरचा आजार होता? म्हटलं, वडिलांना. ते त्यातच गेले, एक्कावन्नाव्या वर्षी.

"दारू घ्यायचे?"

बायको माझ्याकडे बघत होती. बाहेर रांगेतली माणसं ऐकत होती, निदान मला तसं वाटलं.

मी म्हटलं, "नाही. पीत नव्हते."

ताई, ती हसली नाही. तिने मानही वर केली नाही. जसं वजन लिहिलं तसं तेही लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, जरा तो कागद दाखवता? तिला वाटलं, काही चुकलं. तिने कागद माझ्याकडे फिरवला. छापील रकान्यात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: वडील, यकृताचा आजार, मद्यपान नाही.

मी ते दोनदा वाचलं. एकदा तुझ्यासाठी, एकदा आईसाठी.

लंबू